उष्ट्याचा हिशेब

मागल्या मार्गशीर्षात एका बैठकीसाठी धारवाडला गेलो होतो. गाणे झाल्यावर मंडळींनी आग्रह केला, म्हणून जोयडा तालुक्यातील गुंद या गावी दोन दिवस मुक्काम केला. दाट रान, उतारावर सुपारीच्या बागा आणि पहाटे तंबोऱ्याची तार नुसती छेडावी तर सारे रान ऐकते आहे असे वाटावे, इतकी शांतता.

दुसऱ्या दिवशी आमच्या हॉटेलाच्या मागल्या अंगाला गेलो, तो एक खड्डा दिसला. भात, पोळ्या, रस्सा आणि त्यांतच प्लॅस्टिकच्या पिशव्या! आदल्या रात्री आम्हीच ताटांत टाकलेले ते अन्न. माझी मान खाली गेली.

हवा न लागता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता कोंडतो. पावसाळ्यात खड्ड्यातले आंबलेले पाणी ओढ्यात उतरते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात. ते ओढे पुढे काळी नदीची वाट धरतात. उष्ट्याच्या वासाने रानडुकरे व कुत्री येतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो. व्याघ्रप्रकल्पाच्या शेजारी हा खेळ बरा नव्हे.

शेजारच्या बागाईतदारांकडे मात्र निराळीच रीत पाहिली. भाजीच्या साली, खरकटे, गोठ्यातले शेण आणि रानचा पाला यांचे थरावर थर. वर्षाने तेच खत सुपारीच्या मुळाशी. दुर्गंधी औषधालाही नाही!

आम्हां इंदूरकरांना स्वच्छतेचा अभिमान आहे. २०२२ साली सुरू झालेला आपला देवगुराडियाचा प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याच्या क्षमतेचा. पण त्याचे मर्म यंत्रात नाही, घरोघरी ओले-सुके वेगळे ठेवणाऱ्या हातांत आहे. रानातल्या हॉटेलाला एवढे यंत्र नकोच. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे लहान गॅससंयंत्र केले; त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेवढे पुरे, पण त्याच्या पोटात प्लॅस्टिक जाता कामा नये.

आमचे वडील दरबारी वळणाचे गवई. मैफलीनंतरच्या पंगतीत कितीही आग्रह झाला, तरी ते पानात काही टाकून उठत नसत. त्या रात्री वाढपी भाताचे पातेले घेऊन आला, तेव्हा मी आधी ताटावर हात आडवा धरला आणि म्हटले, “थोडाच वाढा. लागला तर पुन्हा मागेन.”