उपग्रहाची दृष्टी आणि हैदराबादचे तलाव

‘मासाब टँक’ ही वस्ती हैदराबादकरांस ठाऊक आहे. परंतु तेथे पूर्वी खरोखरीच मोठा तलाव होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते. नाव उरले, पाणी गेले. असे पालट रोज थोडेथोडे घडत असल्याने शेजारी राहणाऱ्यांच्याही ध्यानी येत नाहीत. त्यांची नोंद ठेवणारा एक अलिप्त साक्षीदार मात्र आता आपल्या डोक्यावरून फिरत असतो. तो म्हणजे उपग्रह होय.

अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला. भारताचा ‘आयआरएस-१ए’ १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. अशा चित्रांचा अभ्यास करणारे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हैदराबादेतच, बालानगर भागात आहे.

उपग्रह पाहतो ते परावर्तित किरण. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी तेच किरण बहुतांशी गिळून टाकते. म्हणून रूढ पद्धतीने रंगविलेल्या चित्रात झाडी तांबडी, स्वच्छ पाणी काळसर आणि दाट वस्ती निळसर करडी दिसते. दोन काळांतील चित्रे शेजारी ठेवली की शहराची वाढ उघड होते. माधापूरला १९९८ साली ‘सायबर टॉवर्स’चे उद्घाटन झाले, त्यापूर्वीच्या चित्रांत जेथे खडक व झुडपे आहेत, तेथे आज करड्या रंगाची दाटी आहे.

तथापि, या साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक असते. मे महिन्यात आटलेला तलाव चित्रात उघड्या माळासारखा दिसतो, तर जलपर्णीने झाकलेला तलाव हिरवळीसारखा. कोरडी पडीक जमीन आणि इमारती यांचीही गल्लत होते. म्हणून तुलना करावयाची ती एकाच ऋतूतील चित्रांची, आणि निष्कर्ष पडताळावयाचा तो प्रत्यक्ष जागेवर जाऊन.

हा केवळ शास्त्रज्ञांचा विषय आहे, असे आम्हांस वाटत नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने या शहरात हजारो बळी घेतले. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधण्यात आले. पुढे शहर वाढले, अनेक लहान तलाव व त्यांना जोडणारे ओढे बुजले. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत सखल वस्त्यांतून पाणी शिरले, तेव्हा पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, हे पुन्हा दिसून आले.

निवृत्तीच्या पुंजीतून भूखंड घेऊ इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, आणि इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळही सर्वांस खुले आहे. चांगल्या पावसाळ्यानंतरच्या नोव्हेंबरातील जुने चित्र घरातील शिकत्या मुलांकडून काढून घ्यावे. भूखंडाच्या जागी काळसर डाग दिसल्यास तेथील वृद्धांस विचारावे, महसुली दप्तर तपासावे. चित्र मालकी ठरवीत नाही. परंतु इसार देण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा, हे ते निश्चित सांगते.