ज्वारीच्या कणसांतील मिजमाशी



ज्या माशीविषयीं आज मी बोलणार आहें, ती तुमच्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढून गेली असेल. पण माशी म्हणून कोणीं तिची दखल घेतली नसेल. ज्वारीच्या दाण्याहूनहि ती लहान. अंग नारिंगी-तांबडें, पंख पारदर्शक, पाय डासासारखे लांब. जळगांव-धुळ्याकडे ज्वारीचें कणीस भरलें नाहीं म्हणजे कोणी धुईला दोष देतो, कोणी बियाण्याला, कोणी नशिबाला. शेतकी खात्यांतील मंडळी हिला मिजमाशी म्हणतात. तेंच नांव आपणहि चालवूं.

हिचें कुळ फार मोठें आहे. जगांत या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील पुष्कळ जातींच्या अळ्या झाडाच्या कोंवळ्या भागांत राहून रस शोषतात, आणि त्या जागीं झाडाला गांठ येते. आंब्याचें एखादें पान हातांत घेऊन निरखा. त्यावर मोहरीएवढे फोड उठलेले पुष्कळदां दिसतात. ते बहुधा याच कुळांतील अळ्यांचे बिऱ्हाड असतें. तिळाच्या बोंडांतहि अशा गांठी होतात. भंडारा-चंद्रपूरकडील भातावर जी गादमाशी पडते, ती यांचीच बहीण. तिच्यामुळें भाताचा पोंगा चंदेरी नळीसारखा होतो व त्याला लोंबी येत नाहीं. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, याच कुळांतील कांहीं अळ्या मावा खाऊन शेतकऱ्यावर उपकार करितात. ज्वारीची मिजमाशी मात्र गांठहि करीत नाहीं आणि उपकारहि करीत नाहीं. ती दाणाच धरूं देत नाहीं.

तिचें आयुष्य जेमतेम एका दिवसाचें. सकाळीं कोशांतून बाहेर पडावें, नराशीं संग होतांच फुलोऱ्यावर आलेलें कणीस शोधावें, आणि एकेका फुलांत बहुधा एकेक अंडें घालीत जावें, एवढाच तिचा संसार. एक मादी तीसपासून शंभरापर्यंत अंडीं घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते व कोंवळ्या दाण्याला चिकटून त्याचा रस पिते. एका दाण्याचा नाश करण्यास एकच अळी पुरते. पुढें ती तुसांतच कोश करिते, आणि अंडें घातल्यापासून सुमारे पंधरा दिवसांत नवी माशी उडून जाते. माशी गेल्यावर तुसाच्या टोंकाला कोशाचें पांढरें टरफल लटकत राहतें. चोराने दारांत टाकलेली ही टोपी ज्याने ओळखली, त्याला पुढचें सारें उलगडतें.

हे पंधरा दिवस ध्यानांत ठेवा. सारें मर्म त्यांतच आहे.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. 1964 सालीं सी.एस.एच. 1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण निघाला, आणि पुढें तसलें बियाणें आमच्या गांवींहि आलें. आमच्या आबांनीं तें उधारीवर घेतलें. शेजारच्या आप्पांनींहि त्याच गृहस्थाकडून घेतलें. आप्पांची पेरणी पहिल्या पावसावर उरकली. आमच्याकडे एकच बैल उरला होता. दुसऱ्याची जोड मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. आश्विनांत आप्पांचें खळें भरलें, आणि आमचीं कणसें हातांत घेतलीं तर पिसासारखीं हलकीं. त्या वर्षीं आमच्या घरांत कडबा होता, पण भाकरी नव्हती. "मला खोटें बीं दिलें," असें आबा त्या गृहस्थाला भर बाजारांत बोलले, आणि गांवानेंहि तें खरें मानलें.

पुढें मी शाळामास्तर झालों. एका पावसाळ्यांत मुलांना घेऊन एका उशिरा पेरलेल्या शेतांत दहा कणसांना, फुलोरा येण्यापूर्वींच, जाड कागदाच्या पिशव्या बांधल्या. ज्वारीचें फूल स्वतःच्याच परागांनीं फळूं शकतें, त्यामुळें पिशवींत दाणा धरण्यास अडचण नसते. महिन्याने पिशव्या सोडल्या तेव्हां आंतलीं कणसें भरलेलीं, आणि शेजारचीं उघडीं कणसें पोचट. बीं तेंच, जमीन तीच, धुईहि तीच. भिंगाखालीं उघड्या कणसांच्या तुसांवर तीं पांढरीं टरफलें स्पष्ट दिसलीं. एका मुलाने ओलें तूस चिमटींत दाबलें, तर बोटाला तांबडा रस लागला.

आतां आमच्या त्या वर्षाचा हिशेब जुळतो. आप्पांचीं कणसें फुललीं तेव्हां माशी थोडी होती. त्यांचें नुकसान डोळ्यांत भरलें नाहीं. पण त्यांच्याच शेतांत तिची एक पिढी वाढली, आणि तिची संतति बाहेर पडली तेव्हां फुलोरा होता तो आमच्या शेतांत. लवकर निसवणारे नवे वाण आणि उशिरां येणारे जुने वाण एकाच शिवारांत नांदूं लागल्यावर माशीला खाणें अधिक दिवस मिळूं लागलें. म्हणून एका शिवाराची पेरणी शक्य तों एकाच सुमारास व्हावी, असें शेतकी शास्त्रज्ञ सांगतात. मळणीनंतरचें भूस व पोचट कणसें बांधावर टाकूं नयेत, कारण वाळलेल्या तुसांत अळी झोंपी जाऊन पुढच्या पावसाची वाट पाहते. कांहीं अळ्या तर दोन-तीन वर्षेंहि तशाच पडून राहतात. बरू हें ज्वारीच्या जातीचें गवतहि तिला आसरा देतें. ज्वारीच्या कणसांबरोबरच ती आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी पसरली असली तर नवल नाहीं. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें 1972 सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने माशीला दाद न देणारे वाण शोधिले. त्यांपैकीं पुष्कळांचें तूस आंखूड व घट्ट असून दाणा झपाट्याने वाढतो, त्यामुळें अंडें घालावयास फटच मिळत नाहीं.

पिशवींतलें एक कणीस मी आबांना दाखविलें. त्यांनीं तें बराच वेळ हातांत फिरविलें. दुसऱ्या वर्षीं मृगापूर्वीं ते स्वतः आप्पांकडे गेले आणि पेरणीचा दिवस ठरवून आले. आप्पांनीं आपली बैलजोडी दोन दिवस आमच्याकडे दिली. बीं विकणाऱ्या त्या गृहस्थाकडेहि त्यांना जावयाचें होतें. पण तो आपलें दुकान मोडून केव्हांच गांव सोडून गेला होता.