नगरजीवन आणि नातेवाचक संबोधने

लहान शहरातील जीवन 'घरगुती' असते, असे सर्रास म्हटले जाते. या विशेषणाचा आशय केवळ लोकसंख्येवरून उलगडत नाही. त्याचा काही भाग भाषाव्यवहारात शोधावा लागतो.

उदाहरणार्थ, सातारा घ्यावे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत वाढलेले हे नगर १८४८ साली संस्थान खालसा होईपर्यंत राजगादीचे ठिकाण होते. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची वस्ती सुमारे १,२०,००० होती. मंगळवार, शनिवार, व्यंकटपुरा, चिमणपुरा या पेठांवरून तेथे पत्ता सांगितला जातो, आणि राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायी जाता येते. अशा नगरात शाळेत, मंडईत, देवळात तीच माणसे पुनःपुन्हा भेटतात. नाव ठाऊक नसते, परंतु चेहरा ओळखीचा असतो. परिचय आणि परकेपणा यांच्या दरम्यानचे हे अंतर मराठी भाषा नातेवाचक शब्दांनी भरून काढते.

तथापि हे शब्द सरसकट वापरले जात नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडातील वडीलधारी माणसे बहुधा 'काका' व 'काकू' होतात. शाळेचा शिपाई वा चौकातील पोलीस 'मामा' होतो. भाजी विकणारी वा धुणीभांडी करणारी स्त्री 'मावशी' होते. 'आत्या' हे संबोधन मात्र अनोळखी स्त्रीला सहसा लावले जात नाही. म्हणजे बरोबरीच्या घराला पितृकुलाचे नाते आणि श्रमिकाला मातृकुलाचे, अशी विभागणी पुष्कळदा दिसते. ती निरपवाद नव्हे. मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला 'काका'च असतो. तरीही जिव्हाळ्याच्या शब्दातच दर्जाचा भेद सूचित होतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या संबोधनांबरोबर हक्कही येतात. ज्याला 'काका' म्हटले, त्याला मुलाला रस्ता ओलांडून देण्याचा अधिकार मिळतो आणि दरडावण्याचाही. त्यामुळे मुलांचा सांभाळ एका घरापुरता मर्यादित राहत नाही. आईबाप निर्धास्त राहतात. परंतु हीच व्यवस्था तरुण मुलीच्या बाबतीत पहारा ठरते. चौकात ती कोणाशी बोलली, ही वार्ता तिच्या आधी घरी पोहोचते. मुलांना आधार देणारी आणि तिला जाचणारी नजर एकच असते.

यावरून असे म्हणता येईल की, लहान शहराचा घरगुतीपणा हा नुसता स्वभावगुण नव्हे. ती परस्परांवरील हक्कांची एक व्यवस्था आहे. तिची परीक्षा करावयाची तर दोन प्रश्न विचारावे लागतात : 'मावशी' म्हटलेल्या स्त्रीला त्या घरात बसावयास कोणती जागा मिळते? आणि 'काका' म्हणणाऱ्या मुलीला उलट उत्तर देण्याची मुभा असते काय? शब्दकोश नाते सांगतो. त्याची मर्यादा मात्र व्यवहारच सांगतो.