छोटा दूरचित्रवाणी संच घेताना
मंडळी, पिशवीत मावणारा डिजिटल दूरचित्रवाणी संच कोणालाही आवडेल. पण पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘आमच्या गावात याला चित्र कुठून मिळणार?’ दूरदर्शनची जुनी जमिनीवरची प्रक्षेपणकेंद्रे बहुतेक बंद झाली आहेत. तेव्हा नुसत्या एरियलवर भागत नाही. संचाला डबा जोडायची सोय हवीच. २००४ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेला छत्री आणि डबा लागतो; मासिक वर्गणी नाही. शालेय पाठांच्या वाहिन्याही तीवर आहेत. महाराष्ट्रात छत्रीचा रोख आग्नेयेकडे ठेवावा; आड झाड येऊ देऊ नये. आणि गुरुजी, संच व डबा दोन्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे घ्या. वीज गेली तरी मुलांचा पाठ बुडणार नाही.