इफ्तारला लाहोरी कतलमा

लाहोरच्या उरुसा-जत्रांत मोठ्या पसरट कढईत तळला जाणारा लाल, तिखट कतलमा घरीही जमतो. दोन वाट्या मैद्यात अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तूप घालून घट्टसर मळावं, अर्धा तास झाकावं. अर्धी वाटी बेसन, तिखट, भरडलेले धणे, जिरं, अनारदाणा आणि पाव चमचा मीठ पाण्यात दाटसर कालवावं. जाडसर पोळी लाटून टोचावी, वर मसाला दाबून बसवावा, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तळावी.

रोजा धरून रांधताना बरेच जण चव पाहायचं टाळतात. म्हणून मीठ मोजूनच घालतात. चूक झाली तर मगरिबच्या अजानीनंतर पहिल्या घासाला कळते. तोवर शेजारच्या काकूंकडे ताट पोचलेलं असतं!