बुरशीवर पीएचडी? वनस्पतिरोगशास्त्रातलं करिअर म्हणजे नेमकं काय

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतली चर्चा ठरलेली असते. मार्क चांगले असतील तर नीट, थोडे कमी असतील तर फार्मसी, मुलगी असेल तर डी.एड., बी.एड. यात वाईट काही नाही, मी स्वतः बी.एड. करूनच शाळेत विज्ञान शिकवते. पण एखाद्या मुलाने "मला कृषीला जायचंय" म्हटलं की अब्बांचा पहिला सवाल येतो, "आपल्याकडे जमीन कुठे आहे?" हा सवाल गैरसमजातून येतो. कृषी पदवीत अशा कितीतरी शाखा आहेत, ज्यांना सातबारा लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. त्यातली एक म्हणजे वनस्पतिरोगशास्त्र, आणि त्यातही पिकांवर पडणाऱ्या बुरशींचा अभ्यास.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. आपल्यात बागवान घराणी पिढ्यान्पिढ्या फळांच्या धंद्यात आहेत. आंब्याची पेटी उघडली आणि पिकत आलेल्या फळांवर काळे डाग दिसले की व्यापारी म्हणतो, माल गाडीत तापला. खरं पाहता हा बहुतेक वेळा करपा असतो, आणि त्याची बुरशी फळ झाडावर लहान असतानाच सालीत शिरलेली असते. कच्च्या फळात ती गप्प बसून राहते, फळ पिकायला लागलं की डोकं वर काढते. म्हणजे नुकसान दिसतं बाजारात, पण इलाज करायचा असतो बागेत, मोहोराच्या वेळी. ही गोष्ट कोणीतरी बसून शोधून काढली, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. हेच या लोकांचं काम.

शेतकऱ्यांनी या रोगांना फार नेमकी नावं दिली आहेत. गव्हावर तांबेरा, ज्वारीवर काणी, द्राक्षावर भुरी आणि केवडा, तुरीवर मर. (जाता जाता, केवड्याला कारण होणारा जीव हल्लीच्या वर्गीकरणात खरी बुरशी धरत नाहीत, तो शैवालांच्या कुळाजवळचा आहे. तरी वर्गात तो बुरशींबरोबरच शिकवतात.)

तुरीचंच उदाहरण घेऊ, कारण मराठवाडा-विदर्भात मर रोग सगळ्यांनी पाहिलेला आहे. पीक फुलोऱ्यात किंवा शेंगांत आलेलं असतं, जमिनीत ओल असते, तरी झाड पाणी न मिळाल्यासारखं सुकतं. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघा दिसतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुरशीने जाम केलेल्या असतात. आता संशोधकाने कसं सिद्ध करायचं की हे याच बुरशीचं काम आहे, पाण्याचं किंवा खताचं नाही?

त्याला एक शिस्त आहे. रोगट खोडाचा बारीक तुकडा घ्यायचा, वरून निर्जंतुक करायचा आणि काचेच्या बशीत खाद्यावर ठेवायचा. हे खाद्य म्हणजे एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम बटाट्यांचा काढा, २० ग्रॅम ग्लुकोज आणि ते घट्ट करायला १५-२० ग्रॅम अगर. अगर म्हणजे आपण रमजानात पुडिंगसाठी आणतो ते चायना ग्रास, दुसरं काही नाही. काही दिवसांत बुरशी वाढते. ती वेगळी करून निरोगी रोपाला लावायची. तोच रोग आला पाहिजे, आणि त्या रोपातून पुन्हा तीच बुरशी निघाली पाहिजे. तेव्हाच गुन्हा साबित. रोबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांसाठी घालून दिलेली ही पद्धत आहे, झाडांनाही तीच लागू पडते.

तुरीच्या मरची बुरशी भारतात ओळखली ती एडविन बटलर यांनी. हे गृहस्थ आयर्लंडचे, शिक्षणाने माणसांचे डॉक्टर. १९०१ साली ते भारतात आले, पुढे बिहारमधल्या पुसा इथे काम केलं आणि १९१८ मध्ये पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. मरच्या बुरशीच्या शास्त्रीय नावापुढे आजही बटलर हे नाव लागतं.

पण रोग ओळखला म्हणजे सुटला असं नाही. ही बुरशी जमिनीत, जुन्या धसकटांवर वर्षानुवर्षं टिकून राहते. उभ्या पिकावर फवारा मारून फारसा उपयोग नाही. मग मुख्य उपाय म्हणजे रोगाला दाद न देणारा वाण. त्यासाठी शास्त्रज्ञ मुद्दाम एक 'आजारी' शेत तयार करतात. त्या तुकड्यात दरवर्षी रोगट तूर मिसळून बुरशी जिवंत ठेवतात आणि शेकडो वाण तिथे पेरतात. बहुतेक मरतात. जे उभे राहतात त्यांच्यावर पुढचं काम. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण अनेक शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, ते मर आणि वांझ रोगाला प्रतिकार करणारे म्हणूनच. यात पैदासकाराइतकाच रोगशास्त्रज्ञाचा हात असतो. नाव मात्र त्याचं कोणी घेत नाही.

आता एका कॉलेजच्या मास्तराबद्दल. करमचंद मेहता हे आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १९२२ मध्ये केंब्रिजहून पीएचडी घेतली आणि परत येऊन एका प्रश्नामागे लागले. आपल्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. नंतरच्या उन्हाळ्यात मैदानी भागात तांबेऱ्याचे बीजाणू जळून जातात. मग पुढच्या हिवाळ्यात तांबेरा येतो कुठून? युरोप-अमेरिकेत याचं उत्तर होतं बार्बेरी नावाचं झुडूप, तिथे बुरशी आपलं अर्धं आयुष्य त्यावर काढते. सगळ्यांना वाटलं, इथेही तसंच असेल. मेहतांनी वर्षानुवर्षं डोंगर आणि मैदानं पालथी घातली आणि दाखवून दिलं की भारतात बार्बेरीचा यात काही हात नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो थंड डोंगरांत, उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या रांगांत, तिथल्या अवेळी गव्हावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर. तिथून वारा त्याला खाली आणतो. १९४० मध्ये त्यांचा हा अभ्यास ग्रंथरूपाने आला. आपल्या भागातला काळा तांबेरा दक्षिणेकडून येतो, हे समजलं ते या कामातून. महाबळेश्वरला आजही गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरी खाऊन येणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक असेल!

हे संशोधन झालं शिकवत-शिकवत, म्हणून मला ते जास्त भावतं. या क्षेत्रातल्या प्राध्यापकाचा दिवसही साधारण असाच असतो. सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या बशा तपासणं, हंगामात शेतावर चकरा, मधेच कोणी शेतकरी पिशवीत सुकलेलं झाड घेऊन येतो.

रस्ते दोन आहेत. पहिला कृषीचा. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची बी.एस्सी. कृषी, मग दोन वर्षांची एम.एस्सी. वनस्पतिरोगशास्त्रात, मग पीएचडी. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. देशातल्या इतर कृषी विद्यापीठांतल्या काही जागा सीयूईटीतून भरतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही कृषी शाखेत वनस्पती संरक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरा रस्ता साध्या बी.एस्सी.चा. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घ्यायचं, एम.एस्सी.ला बुरशीशास्त्र निवडायचं, मग नेट किंवा सेट. ज्या मुलींना घरचे लांब पाठवायला तयार नसतात, त्यांच्यासाठी हा दुसरा रस्ता जवळचा आहे.

पैशाचं स्पष्ट बोललेलं बरं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पण तिथपर्यंत पोहोचायला पंचविशी उलटते, पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते. त्यानंतरही कायम जागा लगेच मिळेल याची खात्री नाही. सेट-नेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर राबत आहेत, तासाप्रमाणे पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. त्यात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती दुहेरी होते, असं कारण सरकारने दिलं. पण ज्या घरात मोठा मुलगा कमावता व्हायची वाट पाहिली जाते, तिथे संशोधनाची चार-पाच वर्षं या फेलोशिपवर निघत होती. म्हणून आता जेआरएफचा अभ्यास एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करावा, नंतर बघू म्हणू नये.

पीएचडीपर्यंत नाही गेलं तरी हात रिकामे राहत नाहीत. बियाणे कंपन्या, द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यात बागा, ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी तयार करणारे कारखाने, कृषी विज्ञान केंद्रं, कृषी खात्यातल्या एमपीएससीच्या जागा, सगळीकडे रोग ओळखणारा माणूस लागतो. एम.एस्सी. झालेला मुलगा घरच्या फळांच्या धंद्यात आला, तरी कोणता माल किती दिवस टिकेल हे तो अंदाजाने नाही, कारण सांगून ठरवेल.

अकरावीत असलेल्यांनी तूर्त एवढंच करावं: जीवशास्त्र सोडू नये. आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या विद्यापीठाची शिवारफेरी असते तेव्हा, अब्बांनाही सोबत घेऊन जावं.