दगड आणि करवत

घरी मूर्ती घडवू पाहणारा नवशिका आधी करवत घेतो आणि मग दगड शोधतो. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा. करवत कोणती, हे दगडच ठरवितो. मोस यांच्या कठिनतेच्या मापात शंखजिरे १, संगमरवराचे खनिज ३ आणि ग्रॅनाइटमधील गारगोटी ७ या अंकावर येते. शंखजिऱ्याचा दगड लाकडाच्या जुन्या करवतीनेही कापता येतो. संगमरवरावर तिचे दाते लवकर बोथटतात. तेथे हिऱ्याचे कण बसविलेले पाते बरे. हे पाते चिरीत नाही, घासून झिजविते. कण बोथटले की त्यांना धरणारा धातूही झिजून नवे कण उघडे पडावे लागतात. म्हणून कठीण ग्रॅनाइटला मऊ धातूचे पाते आणि खरखरीत वालुकाश्माला कठीण धातूचे, असा उफराटा नियम आहे. पाण्याने पाते थंड राहते, धूळही बसते. मात्र विजेचे यंत्र ओल्या कामासाठीच बनविलेले असावे. गारगोटीची सूक्ष्म धूळ फुफ्फुसांत साचून सिलिकोसिस जडतो, आणि तो बरा होत नाही. शंखजिऱ्यातही कधी ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तेव्हा करवतीच्या किमतीत बारीक धूळ अडविणाऱ्या मुखवट्याची किंमत आधीच धरावी.